बिळापासून बंदरापर्यंत: खवले मांजराची चोरटी शिकार व तिचे निवारण

एप्रिल २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात सिंगापूरच्या बंदरात दोन कंटेनर अडविण्यात आले. नायजेरियाहून निघून व्हिएतनामकडे जाणाऱ्या या दोन कंटेनरांत मिळून २५.६ टन खवले सापडले. हे खवले माशांचे नव्हते. ते एका सस्तन प्राण्याच्या अंगावरून उतरविलेले होते. इतका माल जमविण्यासाठी सुमारे ३८,००० प्राणी मारले गेले असावेत, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही वार्ता एक मोठे यश म्हणून छापली, आणि जप्तीच्या दृष्टीने पाहता ते यश होतेच. परंतु प्राणिशास्त्राच्या अभ्यासकास त्याच वार्तेत दुसरीही एक गोष्ट दिसते. कायद्याचा हात त्या मालापर्यंत पोहोचला तेव्हा वाचविण्याजोगा एकही प्राणी उरलेला नव्हता.

हा प्राणी म्हणजे खवले मांजर. सिंगापूरला पकडलेला माल आफ्रिकेतील जातींचा असला, तरी त्याच प्राण्याची एक जात आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातील जांभ्याच्या माळांवर आणि मध्य भारतातील वनांत वास करते, आणि तिच्या मागेही हाच व्यापार लागलेला आहे. या प्राण्याची शिकार का होते, ती त्यास इतकी घातक का ठरते आणि तिला आळा घालण्याचे प्रयत्न नेमके कोठे कमी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्राण्याची ओळख

नावात 'मांजर' असले, तरी हा प्राणी मार्जारकुलातील नव्हे. प्राणिशास्त्रात त्याचा फोलिडोटा नावाचा स्वतंत्र गण मानतात. दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊ प्राण्यांशी त्याचे नाते एके काळी जोडले जात असे. कारण दोघांनाही दात नाहीत आणि दोघांचीही जीभ लांब व चिकट असते. हे साम्य केवळ सारख्या आहारामुळे आलेले आहे, असे पुढे दिसून आले. रेण्वीय पुराव्यावरून पाहता मांसभक्षक प्राण्यांचा गण हाच या गणाचा सर्वांत जवळचा आप्त ठरतो. तेव्हा आपल्याकडील लोकांनी दिलेले नाव शास्त्रदृष्ट्या चुकीचे असले, तरी अगदीच अस्थानी नाही, एवढे म्हणावयास हरकत नसावी. 'पँगोलिन' हे त्याचे इंग्रजी नाव मलय भाषेतून आले असून 'गुंडाळी करणारा' असा त्याचा अर्थ आहे.

या गणाच्या आठ जाती बहुमान्य आहेत. चार आशियात व चार आफ्रिकेत. महाराष्ट्रात आढळणारी जात भारतीय खवले मांजर, अर्थात मॅनिस क्रॅसिकॉडेटा, ही होय. भारताखेरीज पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका या देशांत ती आढळते. ईशान्य भारतातील जात मात्र निराळी आहे. तिला चिनी खवले मांजर म्हणतात. आणखी एक नववी जात अस्तित्वात असावी, असे २०२३ साली काही संशोधकांनी जनुकीय पुराव्यावरून प्रतिपादन केले. हा पुरावा त्यांना कोणत्याही वनात मिळाला नव्हता. हाँगकाँग व चीनचा युन्नान प्रांत येथे जप्त झालेल्या चोरट्या खवल्यांतून तो मिळाला. एखाद्या सस्तन प्राण्याच्या जातीची पहिली ओळख चोरीच्या मालावरून व्हावी, यावरून हा व्यापार किती खोलवर पोहोचला आहे याची कल्पना येते.

या प्राण्याचे सारे शरीर, पोट व पायांची आतील बाजू वगळता, एकावर एक रचलेल्या कठीण खवल्यांनी झाकलेले असते. हे खवले केराटिन या द्रव्याचे असतात. आपली नखे, केस आणि गेंड्याचे शिंग ही त्याच द्रव्याची बनलेली आहेत. पुढच्या पायांच्या बळकट नख्यांनी हा प्राणी वारुळे फोडतो आणि बिळे खणतो. वाळवी व मुंग्या हे त्याचे अन्न. दातांच्या अभावी अन्न दळण्याचे काम जठराला करावे लागते, आणि त्यास गिळलेल्या बारीक खड्यांचे साहाय्य होते. दिवसा तो बिळात झोपतो, आणि आत शिरल्यावर पुष्कळदा बिळाचे तोंड मातीने बंद करून घेतो. तो निशाचर व एकलकोंडा असल्यामुळे ज्या गावाच्या शिवारात तो राहतो, तेथील कित्येकांनी त्यास जन्मात पाहिलेले नसते.

संकटाची चाहूल लागताच हा प्राणी पळत नाही वा प्रतिकारही करीत नाही. डोके पोटाशी घेऊन, वरून शेपटी लपेटून तो आपल्या अंगाचा चेंडू करतो. बिबट्या किंवा वाघ यांच्यासारख्या बलाढ्य श्वापदांनाही हा चेंडू सहसा उलगडता येत नाही. लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीत हा उपाय उत्तम ठरलेला आहे. मनुष्यापुढे मात्र तो पूर्णपणे निरुपयोगी आहे. कारण मनुष्याला चेंडू उलगडावाच लागत नाही. तो उचलून पोत्यात घातला की शिकारीचे काम संपते. बंदूक नको, जाळे नको, जिवाचा धोका तर मुळीच नाही. बिळ ओळखणारा डोळा, एखादा कुत्रा व एक कुदळ एवढे साहित्य पुरते.

वंशवृद्धीचे गणित

शिकार सर्वच वन्य प्राण्यांची होते. पण तिचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. रानडुकराची मादी एका वेतात अनेक पिल्ले देते. त्यामुळे शिकारीने पडलेली तूट तो प्राणी थोड्या काळात भरून काढू शकतो. खवले मांजराची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. ते पिल्लू काही महिने आईच्या आश्रयाने राहते व बाहेर पडताना तिच्या शेपटीच्या बुडाशी चिकटून प्रवास करते.

याचा अर्थ काय होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या खोऱ्यात वीस खवले मांजरे आहेत आणि त्यांपैकी दहा माद्या आहेत. प्रत्येक मादीस वर्षाकाठी एक पिल्लू झाले असे धरले, तर दहा पिल्ले होतील. त्यांपैकी निम्मी वाढून मोठी झाली आणि मोठ्या प्राण्यांपैकी तीन नैसर्गिक कारणांनी मेले, असे मानू. मग वर्षाची निव्वळ वाढ दोन प्राण्यांची झाली. आता एका शिकाऱ्याने वर्षभरात केवळ तीन प्राणी बिळातून काढले, तरी ही वाढ संपून संख्या उतरणीस लागते. त्यांत एखादी लेकुरवाळी मादी असेल, तर तिच्याबरोबर पिल्लूही जाते. शिवाय पुढल्या वर्षी जन्म देणारी एक मादी कमी होते ती निराळीच. उदाहरणातील आकडे कल्पित असले, तरी त्यामागील तत्त्व कल्पित नाही. ज्या प्राण्याचा जननदर मंद असतो, त्याच्या बाबतीत थोडी शिकार व सर्वनाश यांतील अंतर फारच थोडे असते.

यावर कोणी असे म्हणेल की, रानातून प्राणी नाहीसा झाला तरी तो प्राणिसंग्रहालयात वाढविता येईल. परंतु हाही मार्ग सुलभ नाही. विशिष्ट आहारामुळे व नाजूक प्रकृतीमुळे खवले मांजर बंदिवासात टिकविणे अत्यंत कठीण जाते. भुवनेश्वरजवळील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात भारतीय खवले मांजराचे प्रजनन केंद्र २००९ पासून आहे, व तेथे पिल्लेही झालेली आहेत. असे असले तरी, त्या बळावर ओसाड पडलेली खोरी पुन्हा भरून काढता येतील, अशी स्थिती नाही.

व्यापाराची साखळी

भारतातील खवले मांजराची शिकार पूर्वीही होत असे. पण ती बहुतांशी स्थानिक असे. मांसासाठी एखादा प्राणी मारला जाई, खवल्यांची अंगठी किंवा ताईत केला जाई. या शिकारीला गावाच्या भुकेची मर्यादा होती. परदेशी मागणी आल्यावर ही मर्यादा नाहीशी झाली. चीन व व्हिएतनाम या देशांत खवल्यांची पूड परंपरागत औषधांत वापरली जाते, आणि मांस हे प्रतिष्ठेचे पक्वान्न मानले जाते. अंगावर दूध येण्यासाठी, रक्ताभिसरण सुधारण्यासाठी खवले गुणकारी असल्याचा समज आहे. वस्तुतः खवल्यांतील केराटिन आपल्या नखांतील केराटिनाहून वेगळे नसल्यामुळे या समजास शास्त्रीय आधार सापडत नाही. आशियातील जाती दुर्मिळ होत गेल्या तसतशी व्यापाराची नजर आफ्रिकेकडे वळली.

आपल्याकडे या मागणीत आणखी एका भ्रमाची भर पडली आहे. गुप्तधन, पैशांचा पाऊस, जादूटोणा यांच्या नावाने मांडुळाप्रमाणे जिवंत खवले मांजरालाही गिऱ्हाईक शोधले जाते. जिवंत प्राण्याच्या किमतीविषयी लक्षावधी रुपयांच्या वार्ता पसरतात, आणि अशा वार्ता ऐकून ज्याने कधी शिकार केली नाही असा मनुष्यही बिळे शोधू लागतो. गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे प्राणी पिंपात वा पोत्यात उपासमारीने मरतो.

या व्यापाराची रचना साखळीसारखी असते. बिळ खणणारा हा तिचा पहिला दुवा. त्याच्याकडून खवले घेणारा गावचा वा बाजारपेठेचा मध्यस्थ, त्यानंतर अनेकांकडील माल एकत्र करणारा शहरातील व्यापारी, मग सीमा ओलांडून देणारा वाहक आणि शेवटी परदेशातील खरेदीदार. प्रत्येक दुव्यावर किंमत वाढत जाते. बिळ खणणाऱ्याच्या हाती तिचा अगदी अल्प अंश पडतो. पकडला जाण्याचा संभव मात्र त्यालाच अधिक असतो. तो तुरुंगात गेला तरी साखळी तुटत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा गरजू मनुष्य उभा करणे मध्यस्थाला अवघड नसते.

साधारण व्यापारात माल मिळेनासा झाला की धंदा बंद पडतो. येथे त्याच्या उलट घडते. प्राणी जितका दुर्मिळ, तितकी त्याची किंमत अधिक. आणि किंमत अधिक म्हणून उरलेल्या शेवटच्या काही प्राण्यांसाठीही चार रात्री रान धुंडाळणे परवडते. दुर्मिळता हेच येथे शिकारीचे निमित्त होऊन बसते.

कायद्याची तरतूद व तिची मर्यादा

कायदा दुबळा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत भारतीय व चिनी या दोन्ही खवले मांजरांचा समावेश आहे. त्यांची शिकार करणे, त्यांना पकडणे, त्यांचे अवयव जवळ बाळगणे वा विकणे हे सर्व अपराध आहेत. अशा अपराधास तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. दंडाची किमान रक्कम पूर्वी दहा हजार रुपये होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती पंचवीस हजार करण्यात आली. वन्य प्राण्याचा अवयव एखाद्याच्या ताब्यात सापडला, तर तो ताबा बेकायदेशीर नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर 'साइटिस' या नावाने ओळखला जाणारा करार १९७५ पासून अमलात आहे. त्याच्या २०१६ च्या जोहान्सबर्ग येथील परिषदेत आठही जाती पहिल्या परिशिष्टात घालण्यात आल्या, आणि वन्य खवले मांजरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरला. देशांतर्गत तपासाचा समन्वय साधण्यासाठी २००७ साली वन्यजीव अपराध नियंत्रण ब्यूरोची स्थापना झाली असून त्याचे एक विभागीय कार्यालय मुंबईत आहे. २०२० साली चीननेही खवले मांजरास सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण दिले आणि आपल्या अधिकृत औषधिसंहितेच्या मूळ द्रव्यांच्या यादीतून खवले वगळले.

असे असूनही शिकार थांबलेली नाही. वन्यजीव-व्यापाराचा अभ्यास करणाऱ्या 'ट्रॅफिक' व 'डब्ल्यू. डब्ल्यू. एफ.-इंडिया' या संस्थांच्या पाहणीनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात ३४२ जप्त्यांत सुमारे १,२०३ खवले मांजरे, जिवंत, मृत वा खवल्यांच्या रूपाने, सापडली. ज्या राज्यांत ती अधिक प्रमाणात सापडली, त्यांत ओडिशाच्या पाठोपाठ महाराष्ट्र होता. जप्त झालेला माल हा एकूण व्यापाराचा एक अंश असतो, हे येथे विसरता कामा नये.

कायद्याची मर्यादा त्याच्या शब्दांत नसून त्याच्या स्थानात आहे. तो बहुधा साखळीच्या मधल्या वा शेवटच्या दुव्यावर, म्हणजे बाजारात, महामार्गावर, बंदरात कार्य करतो. तेथे गुन्हा सिद्ध करण्यासाठी शास्त्राची मोठी मदत होते. सुटे खवले कोणत्या जातीचे, हे जनुकीय परीक्षणाने सांगता येते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, हैदराबादचे कोशिकीय व आण्विक जीवविज्ञान केंद्र यांसारख्या संस्थांत असे परीक्षण होते. मात्र नमुना नीट मोहोरबंद झाला नाही, पंचनाम्यात वजन चुकले किंवा माल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद तुटली, तर उत्तम परीक्षणही न्यायालयात निकामी ठरते. आणि हे सर्व निर्दोष पार पडले, तरी त्यातून अपराध्यास शासन होते. खोऱ्यातील वीसांचे एकोणीस झालेले असतात ते तसेच राहतात.

गणतीचा प्रश्न

येथे वाघाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पातील सर्व वाघ चोरट्या शिकारीने नाहीसे झाल्याचे २००५ च्या प्रारंभी उघड झाले. त्यावर देशभर गदारोळ झाला, पंतप्रधानांनी कृतिदल नेमले, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले, आणि २००८ साली रणथंबोरहून वाघ आणून सरिस्कात सोडण्यात आले. हे सर्व कशामुळे शक्य झाले? वाघांची गणती होत होती, त्यामुळे ते नसल्याचे कळले. आणि शेजारी रणथंबोर होते, त्यामुळे ते परत आणता आले.

खवले मांजराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचा अभाव आहे. त्याची विश्वसनीय देशव्यापी गणती झालेली नाही. तो दिवसा दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याचा माग ओळखणारे थोडे. एखाद्या खोऱ्यातून शेवटचे खवले मांजर गेले, तरी कोणत्याही कार्यालयातील कोणत्याही तक्त्यात एक आकडा बदलणार नाही. सरिस्कात निदान गदारोळ झाला. येथे प्राणी नाहीसा होऊनही सर्व शांत राहू शकते, आणि या संकटातील हाच सर्वांत मोठा धोका होय.

बिळाशी संरक्षण

यावरून असे दिसते की, ज्याला या प्राण्याचे रक्षण करावयाचे आहे त्याने साखळीच्या पहिल्या दुव्याशी, म्हणजे बिळाशी, उभे राहिले पाहिजे. पण बिळाशी उभे राहणार कोण? व्याघ्र प्रकल्पात वनरक्षकांच्या चौक्या असतात. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात शासकीय वन अत्यल्प असून बहुतेक रान खाजगी मालकीचे आहे. तेथे खवले मांजराचे बीळ एखाद्याच्या काजूच्या बागेच्या कडेला, एखाद्या देवराईत वा गावकीच्या डोंगरात असते. त्या जागी दररोज जाणारी माणसे म्हणजे गुराखी, सरपण आणणाऱ्या स्त्रिया आणि शेतकरी. तेव्हा पहारा ठेवणे शक्य असेल तर ते याच मंडळींना शक्य आहे.

हा विचार केवळ मनोराज्य नाही, हे कोकणातच सिद्ध झालेले आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे समुद्री कासवांची अंडी पूर्वी गावकरी उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्याच घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी कासव महोत्सव भरू लागला, आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या निवासा-भोजनातून गावास उत्पन्न मिळू लागले. ज्या डोळ्यांना वाळूतील घरटे ओळखता येत होते, तेच डोळे रक्षणाच्या कामी आले. याच संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यात खवले मांजराच्या संरक्षणाचे कामही हाती घेतले असून, २०२० साली दुगवे गावात या प्राण्याच्या नावाने 'खवलोत्सव' साजरा झाला. कोकणात पालखी गावातून फिरते तेव्हा साऱ्या वाडीचा तिच्याशी संबंध असतो. अशा उत्सवात एखाद्या प्राण्यास स्थान मिळाले, तर त्यास मारणे ही एकट्यादुकट्याची खाजगी बाब राहत नाही. गावाला त्याचा जाब विचारता येतो.

कासव व खवले मांजर यांत एक महत्त्वाचा भेद आहे, तो मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. कासवाची पिल्ले पाहुण्यांना दाखविता येतात. खवले मांजर दाखविता येत नाही, आणि दाखवूही नये. बिळाची जागा जाहीर होणे म्हणजे शिकाऱ्यास आमंत्रण देणे होय. म्हणून या कामाचा मोबदला पर्यटनावर सोपवून चालणार नाही. बिळांवर नजर ठेवणाऱ्या, स्वयंचलित कॅमेरे सांभाळणाऱ्या आणि संशयित माणसांची वर्दी देणाऱ्या गावकऱ्यांना नियमित मानधन मिळाले पाहिजे, आणि खबर देणाऱ्याचे नाव गुप्त राहिले पाहिजे. जिवंत जप्त झालेला प्राणी मुद्देमाल म्हणून दिवसेंदिवस अडकून न राहता, न्यायालयाच्या अनुमतीने त्वरित योग्य वनात सोडला गेला पाहिजे. 'पैशांचा पाऊस' हा शुद्ध बनाव आहे, हे शाळांतून व ग्रामसभांतून स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

अर्थात परदेशातील मागणी कायम असेल, तर गावचा पहारा एकटा पुरा पडणार नाही. म्हणून बंदरातील जप्ती, सीमेवरील तपास व राष्ट्रांमधील करार यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न केवळ क्रमाचा आहे. आजवर या प्राण्याविषयीची आपली बहुतेक माहिती त्याच्या मृत्यूनंतर, जप्तीच्या पंचनाम्यातून मिळत आली आहे. ती तो जिवंत असताना मिळविण्याचे काम विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांचे आहे. आपापल्या जिल्ह्यातील दोन-चार खोरी निवडून तेथील चालू बिळांची नोंद दर वर्षी ठेवणे, ती गुप्त राखणे आणि तीत घट दिसताच वनखात्यास कळविणे, एवढे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे. त्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. रान ओळखणारा एक गावकरी आणि चिकाटीचा एक विद्यार्थी लागतो. अशी नोंद असेल, तर वीसांचे एकोणीस झाल्याचे त्याच वर्षी कळेल, आणि तेव्हा निदान एकोणीस तरी शिल्लक असतील.